सही दोघांची, हक्क तिसऱ्याचा?

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात कॅल्व्हर्ट या गावी स्टेनलेस स्टीलचा एक मोठा कारखाना आहे. तिथे कोल्ड रोलिंग मिल उभारण्यासाठी टिसेनक्रुप या जर्मन कंपनीच्या अमेरिकी उपकंपनीने २००७ साली एफ. एल. इंडस्ट्रीजशी तीन करार केले. तिन्ही करारांत एक कलम सारखंच होतं. वाद झाला तर तो जर्मनीत ड्युसेलडॉर्फला लवादापुढे सोडवायचा. या मिलसाठी लागणाऱ्या नऊ मोटारी एफ. एल. ने एका फ्रेंच कंपनीकडून बनवून घेतल्या. ती कंपनी पुढे जीई एनर्जी या नावाने ओळखली जाऊ लागली. दरम्यान कारखाना फिनलंडच्या औटोकुंपूकडे गेला. २०१५ पर्यंत मोटारी निकामी झाल्या, तेव्हा औटोकुंपूने मोटारी बनवणाऱ्यावर अलाबामाच्या कोर्टात दावा लावला. त्यावर जीई एनर्जीचं म्हणणं असं, की हा दावा इथे चालणार नाही, तुमच्याच करारात लवादाचं कलम आहे, तेव्हा चला ड्युसेलडॉर्फला. ज्या कराराचा ती आधार घेत होती त्यावर तिची सही नव्हती.

लवादाचं कलम आज कुठे नसतं? कर्जाच्या कागदांत असतं, सोसायटी आणि बिल्डर यांच्यातल्या विकास करारात असतं, जहाजाने पाठवलेल्या मालाच्या बिल ऑफ लेडिंगवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं आणि मोबाइलवर न वाचता आपण ‘मान्य आहे’ म्हणून बोट टेकवतो त्या अटींतही असतं. वाद न्यायाधीशाऐवजी एक किंवा तीन लवादांपुढे चालतो. त्यांनी दिलेला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच वसूल करता येतो. नेहमीसारखं अपील नसतं. आपल्याकडच्या १९९६ च्या लवाद कायद्यात कलम ३४ खाली मोजक्याच कारणांवर निवाडा रद्द करून घेता येतो, आणि निवाडा चुकीचा आहे एवढं कारण त्याला पुरत नाही. म्हणजे लवादाला हो म्हणणारा माणूस कोर्टात जाण्याचा आपला हक्क आपणहून सोडत असतो. तो त्याने आपणहून सोडला आहे, एवढ्याच कारणाने कायदा हे चालू देतो. त्यामुळे बिनसहीच्या माणसाला हे कलम वापरता यावं का, हा प्रश्न वकिलांनी कीस काढण्यापुरता उरत नाही. कुणाचा तरी कोर्टात जाण्याचा हक्क त्यावर ठरतो.

माझं उत्तर असं, की वापरता यावं, पण निकष नीट लावून. कोर्टाच्या चर्चेत बहुधा बिनसहीच्या माणसाकडेच पाहिलं जातं. त्याचा व्यवहाराशी संबंध किती, त्याने कामात भाग किती घेतला, हे तपासलं जातं. हे पाहायलाच हवं. पण कलम ज्याच्यावर उगारलं जातं, त्याच्याकडे आधी पाहिलं पाहिजे. त्याने लवाद कबूल केला तो कुणाशी होणाऱ्या वादासाठी, आणि कोणत्या विषयावरच्या वादासाठी? या दोन्ही प्रश्नांची उत्तरं करारातून आणि व्यवहारातून मिळत असतील, तर सही नसणं ही अडचण ठरू नये. मिळत नसतील, तर बिनसहीचा माणूस व्यवहाराच्या कितीही जवळचा असो, त्याला कोर्टातच उत्तर द्यायला लागलं पाहिजे.

सहीला आपण समजतो तेवढं महत्त्व कायद्यातही नाही. आपल्या कायद्याचं कलम ७ लवादाचा करार लेखी हवा म्हणतं. तो लेखी केव्हा समजायचा, याचे तिथे अनेक मार्ग दिले आहेत आणि सही हा त्यांतला फक्त एक. पत्रव्यवहारातूनही करार सिद्ध होतो. एका बाजूने दाव्यात लवाद कराराचा उल्लेख केला आणि दुसऱ्याने उत्तरात तो नाकारला नाही, तरीही तो सिद्ध होतो. २०१८ साली कॅरॅव्हल शिपिंगच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे बिल ऑफ लेडिंगवरच्या छापील अटींचा प्रश्न होता. करार लेखी असणं आवश्यक, सही असणं नव्हे, असं न्यायालयाने तिथे स्पष्ट केलं. कलम ४० नुसार पक्षकार वारला तरी लवादाचा करार संपत नाही. त्याचे वारस तो वापरू शकतात आणि त्यांच्याविरुद्धही तो वापरता येतो. वारसांनी कुठे सही केलेली असते? ते मृताच्या जागी उभे असतात, त्याचे हक्क आणि देणी दोन्ही घेऊन. इथवर कुणाची तक्रार नाही. घोडं अडतं ते पुढे, जिथे बिनसहीचा माणूस कुणाच्या जागी उभा नसतो, फक्त शेजारी उभा असतो.

शेजारी उभा असलेला माणूस एक युक्तिवाद हमखास करतो आणि तो ऐकायला फार सरळ वाटतो. मी सही केलेली नाही हे खरं, पण तुम्ही तर केली आहे ना? तुम्ही लवाद मान्य केलाच आहे, मग माझ्यासमोर बसायला काय हरकत? या युक्तिवादाला अनेक कोर्टं भुलली आहेत. त्यातली गफलत अशी, की संमती ही कुणाला तरी दिलेली असते, हवेत सोडलेली नसते.

कॅलिफोर्नियातल्या मोटारींच्या प्रकरणांत हे अगदी जवळून दिसतं. तिथे ग्राहक गाडी घेतो तो डीलरकडून, हप्त्यांच्या छापील करारावर सही करून. त्या करारात लवादाचं कलम असतं. गाडी सतत बिघडू लागली की ग्राहक दावा लावतो तो कंपनीवर, कंपनीच्या वॉरंटीच्या आधारे. मग कंपनी डीलरचा करार पुढे करते. तुमचं कलम गाडीच्या स्थितीबद्दलच्या वादांनाही लागू आहे, आणि त्यात ज्यांनी या करारावर सही केलेली नाही अशा तिसऱ्या व्यक्तींशी असलेल्या संबंधांचाही उल्लेख आहे, असं ती म्हणते. उल्लेख खरोखरच आहे. पण त्याच कलमात असंही म्हटलं आहे, की लवाद निवडायचा अधिकार ‘तुम्हाला किंवा आम्हाला’ आहे, आणि ‘आम्ही’ म्हणजे डीलर. तिसऱ्यांशी असलेल्या संबंधातून आलेला वाद लवादाकडे जाऊ शकतो, पण तो तिथे न्यायचा अधिकार ग्राहकाचा किंवा डीलरचा, तिसऱ्याचा नव्हे. २०२० मध्ये राज्यातल्या एका अपील न्यायालयाने क्रायस्लरच्या बाजूने कौल दिला. संघराज्याच्या नवव्या सर्किट न्यायालयाने मात्र २०१३ मध्ये टोयोटाला आणि २०२२ मध्ये बीएमडब्ल्यूला नकार दिला होता. शेवटी जुलै २०२५ मध्ये फोर्डच्या प्रकरणात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने घोळ मिटवला. ग्राहकाचा दावा कंपनीच्या वॉरंटीवर उभा आहे, डीलरच्या विक्री करारावर नाही, म्हणून कंपनीला त्या कराराचं कलम वापरता येणार नाही. मला हा निकाल योग्य वाटतो, आणि ग्राहकाची कीव येऊन नव्हे. करार जसा लिहिला आहे तसाच तो वाचला गेला, इतकंच.

कॅल्व्हर्टच्या मोटारींचा शेवट उलटा झाला, आणि तोही योग्यच. जून २०२० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने एवढंच ठरवलं, की परदेशी लवादाविषयीचा १९५८ चा न्यूयॉर्क करार बिनसहीच्या पक्षाला आडकाठी करत नाही. देशांतर्गत कायदा त्याला कलम वापरू देत असेल तर देऊ दे. जीई एनर्जीला तो हक्क आहे की नाही हे या निकालात नव्हतं. प्रकरण खाली परत आलं तेव्हा २०२२ मध्ये अकराव्या सर्किट न्यायालयाने मूळ करार उघडून पाहिला. त्यात ‘विक्रेता’ या शब्दात उपकंत्राटदारही येतात असं म्हटलेलं होतं, आणि पसंतीच्या उपकंत्राटदारांच्या जोडलेल्या यादीत या फ्रेंच कंपनीचं नावही होतं. कारखान्याने सही केली तेव्हा मोटारी कोण बनवू शकतं हे त्याला ठाऊक होतं, आणि त्यालाही त्याने विक्रेत्यातच धरलं होतं. सही फ्रेंच कंपनीची नव्हती, पण कारखान्याची संमती तिच्यापर्यंत पोहोचलेली होती.

समूहातल्या कंपन्यांचा मामला याहून अवघड. या वादाचं मूळ पॅरिसच्या एका लवादात आहे. डाऊ केमिकल समूहाच्या कंपन्यांनी १९६५ आणि १९६८ साली फ्रान्समधल्या कंपन्यांशी उष्णतारोधक साहित्याच्या वितरणाचे करार केले. पुढे भांडण झालं तेव्हा लवादाकडे गेल्या त्या डाऊच्या चार कंपन्या. सह्या दोघींच्या होत्या. अमेरिकेतली मूळ कंपनी आणि डाऊ केमिकल फ्रान्स या दोघींची सही कुठेच नव्हती. प्रतिपक्ष इजोव्हेर सेंट गोबेनने तेवढ्यावर बोट ठेवलं. १९८२ मध्ये लवादाने त्याचा आक्षेप फेटाळला आणि १९८३ मध्ये पॅरिसच्या अपील न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. कारण असं दिलं, की या दोन्ही कंपन्या करार ठरवताना, तो राबवताना आणि मोडताना हजर होत्या. माल पुरवत होती फ्रान्सची कंपनी, ट्रेडमार्क होते मूळ कंपनीचे, आणि समोरच्या बाजूलाही हे सगळं ठाऊक होतं. भारतात याच ‘ग्रुप ऑफ कंपनीज’ तत्त्वावर चर्चा होते तेव्हा बहुधा सहीची कंपनी बिनसहीच्या कंपनीला लवादात ओढू पाहत असते. मूळ प्रकरणात मात्र बिनसहीच्या कंपन्याच कलम वापरायला पुढे आल्या होत्या, हे सहसा विसरलं जातं.

आपल्याकडे हे तत्त्व आलं ते एका मुंबईकर कंपनीच्या प्रकरणातून. पाणी शुद्ध करणाऱ्या क्लोरिन यंत्रांच्या संयुक्त उद्योगासाठी क्लोरो कंट्रोल्स आणि परदेशी भागीदार यांच्यात अनेक करार झाले होते, पण प्रत्येकावर सगळ्यांच्या सह्या नव्हत्या. भारतीय बाजूने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला, परदेशी बाजूने लवाद मागितला. सप्टेंबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्यांनाच एकत्र लवादाकडे पाठवलं. त्यासाठी आधार घेतला तो कलम ४५ मधल्या शब्दांचा, म्हणजे पक्षकार किंवा ‘त्याच्यामार्फत अथवा त्याच्या हक्काखाली दावा करणारी व्यक्ती’. २०१५ च्या दुरुस्तीत हेच शब्द कलम ८ मध्ये आले. विधी आयोगाने २०१४ च्या २४६ व्या अहवालात ते ‘पक्षकार’ या व्याख्येतही घालायला सुचवलं होतं, पण संसदेने ते घातले नाहीत. या अर्धवटपणातून गोंधळ वाढला. उपकंपनी मूळ कंपनीच्या ‘हक्काखाली’ दावा करते म्हणजे नेमकं काय? वारस करतो, हक्क विकत घेणारा करतो. भावंड कंपनी तसं काही करत नाही.

हा गुंता ६ डिसेंबर २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कॉक्स अँड किंग्स विरुद्ध सॅप इंडिया या निकालात सोडवला. पर्यटन व्यवसायातल्या मुंबईच्या कॉक्स अँड किंग्सने सॅपचं सॉफ्टवेअर घेतलं, ऑनलाइन व्यवसायाचा मंच उभारायचं काम दिलं, काम रखडलं. तेव्हा जर्मनीतल्या मूळ कंपनीने, सॅप एसईने, मदत देऊ केली, तरी शेवटी सगळं फिसकटलं. कॉक्स अँड किंग्सने ४५ कोटी रुपये परत मागितले आणि लवादात जर्मन कंपनीलाही हजर करायचा आग्रह धरला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी स्वतःसाठी आणि तिघा सहकाऱ्यांसाठी लिहिलेल्या निकालात (न्यायमूर्ती नरसिंह यांनी सहमतीचा वेगळा निकाल लिहिला) दोन रांगा वेगळ्या केल्या. वारस आणि हक्क घेणारे हे कुणाच्या तरी हक्काखाली येणारे, त्यांचा अधिकार उसना. समूहातली बिनसहीची कंपनी मात्र तिच्या वागण्यातून सर्वांचा तसा हेतू दिसत असेल तर स्वतःच पक्षकार ठरू शकते. ‘क्लोरो’मध्ये दोन्ही एकाच सूत्रात गोवले होते, ते चूक होतं. एकाच समूहात असणं पुरेसं नाही. परस्परांचा हेतू, नातं, विषयाची समानता, व्यवहाराचं एकसंध स्वरूप आणि करार राबवण्यातला सहभाग हे सगळं पाहायचं.

या निकालातला ‘परस्परांचा’ हा शब्द मला सर्वांत मोलाचा वाटतो. बिनसहीच्या कंपनीचं वागणं हा अर्धाच पुरावा आहे. समोरच्याने ते वागणं पाहून तिला व्यवहारातला साथीदार मानलं होतं का, हा उरलेला अर्धा. सहीच्या पक्षाला बिनसहीच्या कंपनीला ओढायचं असो की बिनसहीच्या कंपनीला स्वतः आत यायचं असो, माप एकच असावं. बिनसहीची कंपनी स्वतः कलम वापरते तेव्हा माप सैल करायचं, कारण समोरच्याने ‘सही तर केलीच आहे’, ही सवलत या निकालाच्या तर्कात बसत नाही.

यावर व्यवहारी आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. एकाच व्यवहारातून उठलेलं भांडण अर्धं लवादात आणि अर्धं कोर्टात चालवायचं का? साक्षीदार तेच, कागद तेच, खर्च दुप्पट आणि निकाल परस्परविरोधी यायची भीती. २००३ मध्ये सुकन्या होल्डिंग्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दाव्याचे असे तुकडे करायला नकार दिला होता. परिणामी दाव्यात चार तिऱ्हाइतांची नावं घुसडली की लवाद टळू लागला. मोठे समूहही याचा फायदा घेतात. सही एका फाटक्या उपकंपनीची घ्यायची, कारभार मूळ कंपनीने करायचा आणि पैसे द्यायची वेळ आली की सहीकडे बोट दाखवायचं. हे सारं खरं आहे. पण सोय हे संमतीचं कारण होऊ शकत नाही. दोन ठिकाणी खटले चालवायचा त्रास टाळायला एखाद्याचा कोर्टाचा हक्क काढून घ्यायचा, तर उद्या ज्याच्याशी आपला करारच नाही असा कुणीही सोयीचं निमित्त करून आपल्याला लवादात बसवेल. आणि मुखवट्यामागे लपणाऱ्या समूहाला परस्पर हेतूची कसोटी सोडत नाही. कारभार करणाऱ्याची पत्रं, बैठका, देयकं सगळी समोर असतात.

दुसरा आक्षेप अनिश्चिततेचा. करार वाचून उत्तर मिळत नसेल, वागणं तपासावं लागत असेल, तर व्यापाऱ्याने काय समजायचं? या अनिश्चिततेची किंमत मोठी असू शकते. सौदी अरेबियातल्या डल्ला कंपनीने १९९६ साली मक्केत हज यात्रेकरूंच्या निवासासाठी पाकिस्तानातल्या एका ट्रस्टशी करार केला. ट्रस्ट अध्यादेशाने जन्मलेला, त्याची मुदत संपली आणि तो उरलाच नाही. डल्लाने सही न केलेल्या पाकिस्तान सरकारविरुद्ध २००६ मध्ये पॅरिसच्या लवादाकडून सुमारे २ कोटी डॉलरचा निवाडा मिळवला. २०१० मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकार पक्षकार नव्हतंच म्हणून तो अमलात आणायला नकार दिला. २०११ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने सरकारच खरा पक्षकार होता असं म्हणत तोच निवाडा कायम ठेवला. दोघांनी लावायचा कायदा फ्रेंचच होता. आपल्याकडेही धोका आहेच. कॉक्स अँड किंग्सच्या प्रकरणात सप्टेंबर २०२४ मध्ये लवाद नेमला गेला, पण जर्मन कंपनी पक्षकार आहे का हे ठरवायचं काम त्याच्यावरच सोपवलं गेलं. मे २०२५ मध्ये एएसएफ बिल्डटेकच्या निकालात, बिनसहीच्या कंपनीला सामील करून घ्यायचा अधिकार लवादाला आहे हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. पुरावा पाहून ठरवायची गोष्ट पुरावा पाहणाऱ्याकडे जावी, हे बरोबरच. मात्र लवादाने वर्षानुवर्षं काम केल्यावर कलम ३४ खाली कुणी पक्षकारच नव्हतं असं ठरलं, तर सगळं मुसळ केरात. म्हणून लवादाने हा मुद्दा पहिल्याच टप्प्यावर कारणांसह निकालात काढावा.

ग्राहकाच्या बाबतीत आपला कायदा कॅलिफोर्नियापेक्षा सुदैवी आहे. डिसेंबर २०१८ मध्ये एमार एमजीएफच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की करारात लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचा मार्ग ग्राहकाला बंद होत नाही. अमेरिकेत अशी भिंत नाही, म्हणूनच २०२४ मध्ये डिस्नेने जे केलं ते घडू शकलं. फ्लोरिडातल्या डिस्ने संकुलातल्या उपाहारगृहात जेवल्यानंतर ॲलर्जीने एका स्त्रीचा मृत्यू झाला. पतीच्या दाव्याला कंपनीने उत्तर दिलं, की तुम्ही २०१९ मध्ये आमच्या चित्रपट पाहायच्या सेवेची चाचणी सदस्यता घेतली होती, त्या अटींत समूहातल्या सगळ्या कंपन्यांशी होणारे वाद लवादाकडे आहेत. गदारोळ झाल्यावर त्या ऑगस्टमध्ये कंपनीने मागणी मागे घेतली. इथे माझ्या कसोटीचा दुसरा भाग लागतो. ‘कुणाशी’ याचं उत्तर त्या अटींत कदाचित होतं. ‘कशाबद्दल’ याचं नव्हतं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला या प्रश्नाची झळ सगळ्यात आधी लागेल ती पुनर्विकासात. विकास करार सोसायटी आणि विकासक यांच्यात होतो. त्यातल्या लवादाच्या कलमावर प्रत्येक सदनिकाधारकाची सही असतेच असं नाही. २००९ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे घर रिकामं न करणाऱ्या सदस्याचा प्रश्न आला, तेव्हा सोसायटीचा निर्णय सदस्याला बांधतो आणि कलम ९ खालचा अंतरिम आदेश त्याच्याविरुद्धही देता येतो, असं न्यायालयाने म्हटलं. तो निकाल अंतरिम संरक्षणाचा होता, सदस्याला लवादाचा पक्षकार करण्याचा नव्हता. पण त्याचा तर्क पुढे नेला तर उलट प्रश्नही विचारायला हवा. विकासकाने पर्यायी घराचं भाडं थकवलं आणि सोसायटीची समिती गप्प बसली, तर त्या भाड्याचा लाभार्थी असलेला सदस्य तेच कलम विकासकाविरुद्ध वापरू शकतो का? इंग्लंडमध्ये १९९९ च्या कायद्याने याचं सरळ उत्तर दिलं आहे. करारातला लाभ मागणारा तिसरा माणूस लवादाच्या कलमाचाही पक्षकार धरला जातो. २००३ मध्ये जहाजांच्या दलालांना, स्वतः पक्षकार नसलेल्या भाडेकरारांतलं आपलं कमिशन याच वाटेने, लवादाकडूनच मागावं लागलं. आपल्या करार कायद्यात असं कलम नाही. तिऱ्हाइताला करारावर दावा सांगता येत नाही हा आपला सर्वसाधारण नियम आहे आणि त्याला मोजके अपवाद आहेत. असं कलम येईपर्यंत सोसायट्यांच्या हाती एकच उपाय आहे. विकास करारावर सह्या होण्याआधी लवादाच्या कलमात एक वाक्य घालून घ्यायचं, की भाडं, कॉर्पस आणि ताबा यांबद्दल प्रत्येक सदस्याला हे कलम विकासकाविरुद्ध स्वतः वापरता येईल. विकासकाचे वकील त्यावर कुरकुर करतील. त्यांना विचारावं, की सदस्याविरुद्ध अंतरिम आदेश मागताना हाच करार त्याला लागू होतो ना?